पॉइंट साहेबाचा, धबधबा धोब्याचा

महाबळेश्वरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारावं, काय काय पाहिलंत? टॅक्सीवाल्याने ज्या क्रमाने फिरवलं त्याच क्रमाने तो बोटांवर मोजत सांगतो : आर्थर सीट, केट्स पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, बॅबिंग्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, विल्सन पॉइंट. मग आठवल्यासारखे धबधबे येतात : लिंगमळा, धोबी, चायनामन.

ही यादी एकदा सावकाश वाचून पाहावी. आर्थर म्हणजे आर्थर मॅलेट, कंपनी सरकारचा अधिकारी. केट ही मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याची मुलगी. तिच्या नावाच्या कड्याला त्याआधी नाकेखिंड म्हणत. एल्फिन्स्टन आणि विल्सन हे गव्हर्नर, लॉडविक हा लष्करी अधिकारी. म्हणजे ज्यांनी कड्यावर उभं राहून दरी पाहिली, त्यांना स्वतःचं नाव मिळालं. ज्यांनी त्याच डोंगरावर कपडे धुतले आणि भाजीचे वाफे खणले, त्यांच्या वाट्याला धंद्याचं नाही तर देशाचं नाव आलं. धोब्याला त्याच्या आईबापांनी काहीतरी नाव ठेवलंच असेल. त्या चिनी माणसालाही.

कामाच्या ठिकाणी वेगवेगळ्या जातीधर्मांची, भाषांची, देशांची माणसं एकत्र कशी नांदवायची, यावर हल्ली पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत शिबिरं भरतात. बाहेरून तज्ज्ञ येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, शेवटी सगळे मिळून जेवतात. चांगलंच आहे. पण हा प्रयोग आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरावर जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. तो कुणी ठरवून केलेला नव्हता आणि त्याचा उद्देशही फारसा उदात्त नव्हता. म्हणूनच त्यातून शिकण्यासारखं जास्त आहे.

साहेब येण्यापूर्वी हा डोंगर ओसाड होता, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. क्षेत्र महाबळेश्वराचं देऊळ होतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांच्या उगमाला यात्रेकरू येत होते. रानात माणसं राहत होती. सातारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर १८८५ साली छापलं गेलं. त्यात या डोंगरावरचे मूळ रहिवासी म्हणून कोळी, कुळवाडी, धनगर आणि धावड अशा चार जमाती नोंदल्या आहेत.

यातले पहिले तिघे आपल्याला ठाऊक असतात. धावड ऐकलेले असतातच असं नाही. धाऊ म्हणजे लोखंडाची कच्ची धातू. इथल्या जांभ्या दगडात ती सापडते. ती फोडून, कोळशाच्या भट्टीत गाळून तिच्यातून लोखंड काढणारे ते धावड. हे धावड मुसलमान. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, महादेवाच्या डोंगरात, मुसलमान माणसं लोखंड गाळत होती, हे सांगितलं की आजही काही जणांच्या भुवया वर जातात. त्या काळच्या रानात मात्र कुणाची भुवई वर जायचं कारण नव्हतं. नांगरणाऱ्याला फाळ हवा, रान तोडणाऱ्याला कोयता हवा, आणि भट्टीपाशी बसणाऱ्याला नाचणी हवी, दूध हवं. चौघांचे देव, चौघांच्या सोयरिकी वेगळ्या. गरज मात्र एकमेकांत अडकलेली. ही झाली पहिली पायरी. एकत्र येण्याची सुरुवात एकमेकांवर प्रेम करण्याने होत नाही. आपल्या हातात नसलेलं कसब दुसऱ्याच्या हातात आहे, हे कळण्याने होते.

मग साहेब आला. १८२४ साली लॉडविक डोंगर चढून आला. साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज याने १८२६ साली इथे घर बांधलं आणि त्याच्या सांगण्यावरून साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांनी वर येणारा रस्ता करवला. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कमने जागा पाहिली. १८२९ मध्ये कंपनीने वाईजवळचं खंडाळा गाव महाराजांना देऊन त्याच्या बदल्यात हा प्रदेश घेतला. नव्या वसाहतीला नाव पडलं माल्कम पेठ.

'पेठ' या शब्दाकडे मुद्दाम लक्ष द्यावं. पेठ म्हटली की ती एकट्या गव्हर्नराच्या बंगल्याने होत नाही. गवंडी लागतो, सुतार लागतो, दगडफोड्या लागतो, भिश्ती, धोबी, खाटीक, पाव भाजणारा, दुकानदार आणि हमाल लागतो. एका जातीला किंवा एका धर्माला ही सगळी कामं येत नसत. त्यामुळे थंड हवेच्या प्रत्येक ठिकाणी, मग ते महाबळेश्वर असो की माथेरान, मराठे, मुसलमान, पारशी, बोहरा, गुजराती असा मेळा बाजारात जमलाच.

पण माल्कम पेठेत एक मेळा असा जमला, की जो त्या काळी कुणाच्या स्वप्नातही आला नसता. १८३० च्या दशकात इथे एक तुरुंग बांधण्यात आला. सिंगापूर, मलाक्का, पेनांग या सामुद्रधुनीच्या वसाहतींतून मुंबई सरकारकडे चिनी आणि मलय कैदी पाठवले जात. त्यातले काही या तुरुंगात ठेवले. का ठेवले, तर वसाहतीला रस्ते हवे होते आणि मजूर अपुरे होते. कैद्याला मजुरी द्यावी लागत नाही, हे त्यामागचं सरळ गणित.

या कैद्यांनी रस्त्यांवर काम केलं. ते वेताच्या, बांबूच्या टोपल्या विणत. रानात मिळणाऱ्या कंदापासून आरारूट करत. आणि त्यांच्यातल्या चिनी माणसांना आणखी एक कला येत होती, ती म्हणजे वाफ्यावरची बागायत. उतारावर वाफे कसे पाडायचे, खत कसं मुरवायचं, पाणी कसं फिरवायचं, हे ते आपल्या मुलखातून शिकून आले होते. साहेबाच्या जेवणाला लागणारे बटाटे आणि विलायती भाज्या ते पिकवू लागले. तुरुंग १८६४ साली बंद झाला. सुटलेल्यांपैकी काही जण परत गेलेच नाहीत. ते इथेच बागा करून राहिले. त्यांच्या बागेजवळचा म्हणून तो चायनामन धबधबा.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी, म्हणजे हिशेब पुरा होईल. चिनी माणसं इकडे येत होती, त्याच काळात आपली माणसं तिकडे जात होती. १८२५ पासून १८७३ पर्यंत सिंगापुरात हिंदुस्थानी कैद्यांची वसाहत होती. त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. 'काळं पाणी' म्हणून आपल्याला अंदमान आठवतं, पण त्याआधी अनेकांसाठी काळं पाणी म्हणजे सिंगापूरच होतं. तिथले रस्ते, सेंट अँड्र्यूज हे मोठं चर्च आणि गव्हर्नराचा राजवाडा या कैद्यांच्या मजुरीतून उभा राहिला. म्हणजे सिंगापूरच्या चिन्याने महाबळेश्वरचा रस्ता केला, आणि हिंदुस्थानच्या माणसाने सिंगापूरचा. दोघांचीही आपल्या घरापासून ताटातूट झालेली. साम्राज्याच्या वहीत ही फक्त मजुरांची अदलाबदल होती.

तेव्हा या प्रयोगाला मी यशस्वी म्हणू की नको? पायात बेडी असलेल्या माणसाच्या श्रमाला 'संस्कृतींचा संगम' म्हणणं मला जमणार नाही. मात्र त्या अन्यायाच्या पोटात एक गोष्ट घडली, तीही नाकारता येत नाही. तुरुंग बंद झाला, पहारेकरी गेले, आणि तरीही बागा राहिल्या. बेडी तुटल्यावर जे उरलं, ते खऱ्या गरजेवर उभं होतं. स्थानिकाला इथला पाऊस माहीत होता. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त कोसळणाऱ्या पावसात कुठली माती वाहून जाते आणि कुठली टिकते, हे त्याला कळत होतं. चिन्याला वाफा कळत होता. डोंगरावरचा बटाटा या दोन ज्ञानांच्या बेरजेतून आला.

भाषेचं काय झालं असेल? यांची मराठी, त्यांची चिनी आणि मलय. मी कविता लिहितो, त्यामुळे मला शब्दांच्या खोड्या काढायची सवय आहे. आपण रोज कामावर जातो ते कुठल्या शब्दांच्या सोबतीने, ते पाहा. कारखाना आणि मजूर हे फारसीतून आले. हजेरी, रजा आणि मुकादम यांचं मूळ अरबी. पगार आणि मेस्त्री पोर्तुगीजांकडून आले. फाईल आणि ऑफिस इंग्रजांचे. मधल्या सुट्टीत आपण पितो तो चहा मुळात चिनी शब्द, आणि त्याच्यासोबतच्या वड्यातला बटाटा पोर्तुगीजांच्या बोटीतून उतरलेला. मराठी माणसाचा कामाचा एक दिवस अशा सात गावच्या शब्दांवर चालतो. यांतल्या एकाही शब्दाला मराठीने दारात उभं करून 'तू कुठला' असं विचारलं नाही. तो कामाचा आहे ना, मग ये आत. आणि आत घेतल्यावर त्याला मराठीचे प्रत्यय लावले, 'पगाराला', 'रजेवर', 'हजेरीत', आणि तो घरचाच झाला. माणसांच्या बाबतीत आपल्याला हे इतकं सहज का जमत नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

एकत्र येणं टिकत का नाही, याचंही उत्तर याच डोंगरावर मिळतं. धावडांची भट्टी कुणी दंगा करून विझवली नाही. जंगलाचे कायदे कडक झाले, कोळशासाठी लाकूड मिळेना. विलायतेहून स्वस्त लोखंड बाजारात आलं. कसब हातात राहिलं, पण त्या कसबाची जागा गेली. शेजाऱ्यांशी वैर नव्हतं, तरी देणंघेणं संपलं, आणि देणंघेणं संपलं की ओळखही पुसट होते. आज आपल्याला धावड आठवत नाहीत, त्याचं कारण हे आहे. कामाच्या ठिकाणचा सलोखा हा केवळ माणसांच्या मनावर अवलंबून नसतो. वरून आलेला एक नियम तो मोडू शकतो. म्हणून शिबिरात 'सगळे समान' असं म्हणण्याआधी, कुणाच्या हातातलं काम जाणार आहे, हे पाहायला हवं.

दुसरं उत्तर क्लबात मिळतं. १८८० च्या दशकात महाबळेश्वरला साहेबलोकांचा क्लब निघाला. दिवसभर एकाच रस्त्यावर, एकाच बंगल्यात वावरणारी माणसं संध्याकाळी वेगळी होत. काम करायला माणूस चालत होता, शेजारी बसायला चालत नव्हता. आजच्या कचेऱ्यांत क्लबाची पाटी नसते, पण जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाच्या टेबलावर बसतं ते पाहिलं की क्लब बंद झाला की नाही ते समजतं.

मग बेडीही नाही आणि क्लबही नाही, असं कुठे घडलं का? घडलं, आणि तेही लांब नाही. महाबळेश्वरचा तुरुंग बंद झाल्यावर पाऊणशे वर्षांनी, १८६४ नंतर १९३९ साली, औंध संस्थानात आटपाडीजवळ एक वेगळा तुरुंग सुरू झाला. त्याचं नाव स्वतंत्रपूर. आता हा भाग सांगली जिल्ह्यात येतो. भिंत नाही, बेडी नाही. कैद्याने शेती करायची, कुटुंबासह राहायचं. यामागे कोण होतं? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू इंजिनियर. या फ्रीडमनने इथे भारतानंद हे नाव घेतलं होतं. एक ब्राह्मण राजघराणं, एक ज्यू परदेशी, आणि खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणदेशातली माणसं. याच मुलखातल्या शेटफळेचे ग. दि. माडगूळकर यांनी पुढे कथा लिहिली, आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' आला. तो चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो. तो आपल्या आटपाडीवरून सुचला हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

दोन्हीकडे कैदी, दोन्हीकडे माती. फरक कशात आहे? माल्कम पेठेत कैद्याचे हात हवे होते. स्वतंत्रपूरला हातांबरोबर त्याचा शब्दही हवा होता. 'मी पळून जाणार नाही' हा शब्द त्याच्याकडून घ्यायचा, आणि तो घ्यायचा तर आधी त्याला नावाने हाक मारावी लागते. टोळीकडून शब्द घेता येत नाही.

नावाच्या हाकेची किंमत मला नोकरीत कळली. बी. ए. होऊन मी एका कचेरीत लागलो, तेव्हा माझं वय अठ्ठावीसही नव्हतं. पहिल्या आठवड्यातच मी 'चाचा' झालो. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले लोकही मला चाचा म्हणत. त्यात द्वेष नव्हता, थट्टाही फारशी नव्हती. हाक मारायला सोपं, एवढंच. "तुम्ही मराठी किती छान बोलता हो," असं कौतुकही व्हायचं. माझ्या आईने मला अंगाईसुद्धा मराठीत म्हटली, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ईदला शिरखुर्मा प्यायला सगळे यायचे, दिवाळीला माझ्या घरी सगळ्यांकडून फराळ यायचा. तरीही मी चाचाच.

एका मार्चअखेरीला ताळा जुळेना. आम्ही तिघे रात्रभर वह्या काढून बसलो होतो. पहाटे फरक सापडला, तो माझ्या लक्षात आला म्हणून. आमचे हेडक्लार्क, विठ्ठलाचे वारकरी, त्यांनी चष्मा काढला आणि माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाले, "आज तुम्ही आमची लाज राखलीत." त्या दिवसापासून त्यांनी मला कधी चाचा म्हटलं नाही, आणि त्यांचं ऐकून हळूहळू बाकीच्यांनीही. शिरखुर्म्याने जे झालं नव्हतं ते एका बेरजेने झालं. सणाचं जेवण वाईट नाही. पण त्याने पाहुणचार होतो. सोबतीने अडलेलं काम निभावलं की सहकारी होतो.

आजचं महाबळेश्वर पाहा. २०१० साली इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे 'महाबळेश्वर' हे नाव आता कायद्याने जपलेलं आहे. ही स्ट्रॉबेरी कुठली म्हणाल, तर पूर्वी रोप आणलं साहेबाने. आजच्या जातींची मातृरोपं येतात अमेरिकेतून आणि इतर देशांतून. त्यांची पिल्लं वाढतात खाली वाई तालुक्यातल्या रोपवाटिकांत, कारण वरचा पाऊस त्यांना सोसत नाही. पावसाळा सरता सरता ती वर चढतात, आणि थंडीत फळ हाती येतं. एवढ्या प्रवासानंतर त्या फळाला आपण बाहेरचं म्हणत नाही, उलट त्याला गावाचं नाव देतो.

आणि ते फळ क्रीममध्ये घालून आपल्यापुढे ठेवणारा मुलगा? हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आता नेपाळ, आसाम, बंगाल, ओडिशा, उत्तर प्रदेशची मुलं असतात. त्यांच्यापैकी ज्याचे डोळे बारीक, तो आपल्या तोंडी झटकन 'बहादूर' होतो, नाहीतर 'चिनी' होतो. मुलगा आसामचा असतो, म्हणजे आपल्याइतकाच भारतीय असतो. दोनशे वर्षांपूर्वी साहेबाने बागेतल्या माणसाला 'चायनामन' म्हटलं. आज आपण तेच करतो, आणि आपल्यापैकी कुणी साहेब नाही.

मालकांना मी एवढंच सांगेन, की त्याला वेळेवर पगार, धड झोपायला जागा आणि छातीवर त्याच्या नावाची पट्टी, या तीन गोष्टी आधी द्या. शिबिर नंतर घ्या. नगरपालिकेला सांगणं असं, की चायनामन धबधब्याजवळ मराठीत एक फलक लावावा. १८६४ पर्यंत इथल्या तुरुंगात राहिलेल्या चिनी आणि मलय कैद्यांनी या डोंगरावर रस्ते केले आणि बागा फुलवल्या, एवढे दोन ओळींचे शब्द पुरे. धावडांसाठीही एक लावावा, जांभ्या दगडावरच.

आणि आपण जे चार दिवस हवा खायला जातो, त्यांनी बिल देताना वाढणाऱ्या मुलाला त्याचं नाव विचारावं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ते लक्षात ठेवून हाक मारावी. याला पैसे पडत नाहीत.